तीनशे अठ्ठ्याऐंशी मीटर

१

माणूस नाल्यात पडला होता आणि त्याचं चाक काठावर नीट उभं होतं.

पोलिसांना यात काही वावगं दिसलं नाही. सिमेंटचा कोरडा नाला, दीड पुरुष खोल. पन्नाशी ओलांडलेला रस्ते-मोजणीदार, भर दुपारचं ऊन. तोल गेला, डोकं आपटलं, खेळ खलास. डॉक्टरांनी एवढंच जास्तीचं लिहिलं की पडल्यावर तो तास-दीड तास जिवंत असावा. फौजदारांनी आठव्या दिवशी कागद बंद केले आणि त्याच्या वस्तू बायकोच्या ताब्यात दिल्या: घड्याळ, फुटलेला फोन, जेवणाचा डबा, पोलादी टेप आणि रस्ते मोजायचं दांड्याचं चाक. डबा भरलेलाच होता.

ती बाई घरी न जाता तसंच चाक खांद्यावर टाकून अक्काच्या दारात आली.

अक्कानं मोजणीच्या कचेरीत तेहेतीस वर्षं काढली होती. शहराचा एकही रस्ता असा नव्हता की ज्यावरून तिचं चाक गेलं नाही, आणि एकही साहेब असा नव्हता की ज्याला तिची जीभ लागली नाही. आता गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. मेलेला मोजणीदार तिच्याच हाताखाली तयार झालेला. पोराला चालायला शिकवावं तसं तिनं त्याला चाक धरायला शिकवलं होतं, फक्त आईपेक्षा जास्त रागावून.

बायको सांगत होती की दोनला दहा मिनिटं कमी असताना त्याचा फोन आला होता. जेवायला उशीर होईल म्हणाला, एक चांगली गोष्ट सापडलीय म्हणाला. लग्नानंतर कधी हसला नव्हता तेवढा हसत होता.

"अक्का, असा हसणारा माणूस पाऊल चुकवेल का?"

"चुकवेल. हसणाराच चुकवतो," अक्का म्हणाली.

बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अक्कानं तिकडे पाहिलं नाही. ती टेपकडे पाहत होती. पातं बाहेर आलेलं, टोकाला वाकलेलं, अडुसष्ट सेंटीमीटरवर खिळवून ठेवलेलं. मग तिनं चाकाच्या दांड्यावरची आकड्यांची डबी पुसली. तीनशे अठ्ठ्याऐंशी. मग तिनं विचारलं, चाक सापडलं तेव्हा आडवं होतं की उभं? बाई म्हणाली, उभं. संध्याकाळी माळ्याला ते आधी दिसलं, बगळ्यासारखं एका पायावर उभं, आणि मग खाली माणूस.

चाकाला एक घडीचा टेकू असतो. चालताना तो वर दुमडलेला असतो. दोन्ही हात मोकळे हवे असतील तेव्हाच मोजणीदार टेकू पाडतो, म्हणजे चालणं संपल्यावर, टेप काढताना.

"चालताना घसरला म्हणतात ना ते?" अक्कानं चाक भिंतीला लावलं. "तो चालतच नव्हता. उभा होता, पाठ वळवून. पाठीमागून कुणीतरी आलं."

२

शहर आधी जाळ्यासारखं वाढलं. गल्ली गल्लीला भेटायची, बोळ बोळाला हाक मारायचा. रागावून निघालेला माणूस चार कोपरे वळला की आपोआप घरी परत. रस्त्यांची शंभर तोंडं मोजली तर दहा बंद निघायची. मग पैसेवाले काठाकडे सरकले आणि शहर शेपट्यांनी वाढायला लागलं. एक वसाहत, भोवती एक भिंत, तिला एक फाटक. आत एक वळसा रस्ता आणि त्याला फुटलेल्या बंद गल्ल्या. आता शंभरातली साठ तोंडं बंद. शेजारच्या घरातलं पोर रडलेलं ऐकू येतं, पण तिथं जायचं तर तासभर लागतो. हे आकडे दर तीन वर्षांनी अक्काच्याच सहीनं छापले जात. वाचत कुणी नसे.

मोजणीदार मेला ती वसाहत अशांतलीच. फाटकावर पहारेकरी होता, वही होती. पहारेकऱ्यानं अक्काचं नाव, वेळ, काम लिहून घेतलं आणि चाकाचंही नाव विचारलं. अक्का म्हणाली, याचं नाव 'दमलेलं', लिही. त्यानं लिहिलं.

मोजणीतला पहिला धडा असा की चाक शून्यावर आणायचं ते तिठ्यावर किंवा चौकात. दारातून नाही, झाडाखालून नाही. जिथं वाट वाटेला भेटते तिथून. अक्का गुडघ्यांना शिव्या घालत वसाहतीतल्या प्रत्येक तिठ्यावरून पंपघरापर्यंत चालली. पंपघराच्या मागं नाला, नाल्यापलीकडे लगेच भिंत. जिथं चाक उभं सापडलं, ती जागा पंपघराच्या कोपऱ्याला. फाटकापासून अकराशे चाळीस मीटर भरले. जवळच्या तिठ्यापासून शहाण्णव, त्यापुढच्यापासून दोनशे दहा, त्यापुढच्यापासून साडेपाचशे. तीनशे अठ्ठ्याऐंशी कुठूनच भरेना.

वसाहतीचे सचिव सोबत आले होते. पांढरे बूट, हातात किल्ल्यांचा जुडगा, बोलणं मधासारखं आणि मधासारखंच चिकट. मोजणीदाराशी त्यांचं महिनाभर आधी भांडण झालं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. हा माणूस येऊन भिंतीला दार पाडायच्या गोष्टी करायचा, पलीकडच्या वस्तीतल्या लोकांना म्हणे तीन-चार किलोमीटरचा वळसा पडतो. पडू दे. व्यायाम होतो. पूर्वी भिंतीला तीन भोकं पडली होती, कचेरीच्या नकाशात त्यांच्यावर फुल्या आल्या, आणि आठ दिवसांत आपण तिन्ही बुजवली. कचेरीचे उपकारच म्हणायचे.

त्या तीन फुल्या अक्कानंच मारल्या होत्या. कुठलंही तुटलेलं कुंपण दिसलं की फुली, अशी रीत होती. पुढं काय होतं हे तिनं कधी जाऊन पाहिलं नव्हतं.

मोजणीदार मेला त्या मंगळवारी दुपारी दोन वाजता कोण कुठं होतं, हेही सचिवांनी बोटांवर मोजून सांगितलं. ते स्वतः बैठकीत, अकरा माणसं साक्षीला. पहारेकरी फाटकावर, शाळेच्या गाड्यांची नोंद करत, दर तीन मिनिटांनी एक. माळी गावाला गेलेला, संध्याकाळी आला. पंपघराजवळ दुसरं काय तर पाळणाघर, आणि तिथली दाई. सोन्यासारखी बाई. सकाळी आठ ते सहा मुलं सांभाळते, दर दोन तासांनी दुपटी वाळत घालायला वीस मिनिटं गच्चीवर जाते, एवढाच काय तो विसावा. पलीकडच्या वस्तीतच राहते, पण पन्नास मिनिटांचा वळसा घालून रोज वेळेवर.

"भिंत कुठं फुटलेली नाही ना आता?" अक्कानं विचारलं.

"मुंगी शिरणार नाही," सचिव म्हणाले, आणि तिचा त्यांच्यावर विश्वास बसला. हा माणूस भिंतीविषयी खोटं बोलणार नाही. भिंत त्याचा देव होती.

निघताना तिनं फाटकावरची वही उलटी चाळली. मंगळवारचं पान खचाखच भरलेलं. मोजणीदाराचं नाव त्यात कुठंच नव्हतं. चाकाचा आकडा भरत नव्हता आणि वहीत नाव नव्हतं. तो माणूस फाटकातून आत आलाच नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी अक्का उलट्या बाजूनं गेली. वसाहतीच्या फाटकापासून पलीकडच्या वस्तीतल्या पाण्याच्या टाकीपर्यंत रस्त्यानं तीन हजार सहाशे मीटर. टाकीपाशी चार बोळ भेटतात. तोच तिथला चौक. तिनं डबी शून्यावर आणली आणि भिंतीच्या दिशेनं जाणारा बोळ धरला.

वस्तीत घरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती. ती शंभरावर आली, दोनशेवर आली. तीनशेला बोळ अरुंद झाला, माणसं संपली, एका शेवटच्या खोलीची खिडकी तेवढी राहिली. तीनशे ऐंशीला चाक भिंतीला टेकलं.

अजून आठ मीटर हवे होते, आणि समोर भिंत होती.

भिंतीला एक पत्रा टेकवलेला. भिंतीच्याच रंगात रंगवलेला, दोन्ही अंगांनी, मन लावून. अक्कानं बोटांनी चाचपला तशी त्याची कड हलली. पत्रा बाजूला सरकवला तर मागं उभी फट. खाली गवतात एक लांब फळी लपवलेली, दोन्ही काठांवरून ओढता येईल अशी. फटीतून नाला दिसत होता, त्यापलीकडे पंपघराचा कोपरा. तिनं टेप लावला. अडुसष्ट.

पत्रा पुन्हा होता तसा टेकवून ती तिथंच एका विटेवर बसली आणि विचार करू लागली. सचिवांना ही फट कळली असती तर सूर्य मावळायच्या आत गवंडी आला असता. माणूस मारायची त्यांना गरजच नव्हती. पहारेकऱ्याला कळली असती तर त्यानं सांगून शाबासकी घेतली असती. आणि आज नववा दिवस, फट उघडी आहे. ज्यानं मोजणीदाराला ढकललं, त्यानं नंतर फळी ओढून घेतली, पत्रा लावला आणि तोंड मिटलं. याला भिंत जपायची नव्हती, भोक जपायचं होतं.

मारणारा भिंतीच्या या बाजूचा होता.

"तिथं काही नाही हो आजी," मागून आवाज आला. "उगीच बसू नका, विंचू आहेत. परत फिरा."

खिडकीतून आवाज येत होता. माणूस दिसत नव्हता.

४

खोली एवढीशी, पण आरशासारखी स्वच्छ. पलंगावर बाविशीची मुलगी पडलेली. चेहरा तरतरीत, डोळे चौकस, आणि मानेखालचं सगळं अंग दुसऱ्याचं असावं तसं निपचित. खिडकीबाहेरचा आरसा दोरीनं असा बांधलेला की तिला बोळ दिसावा.

तिनं अक्काला बसायला सांगितलं आणि उठता येत नाही म्हणून माफी मागितली, आणि स्वतःच हसली. चार वर्षांपूर्वी ती बांधकामावर विटा वाहायची. हीच भिंत. शेवटचा थर राहिला होता तेव्हा पाटीसकट खाली आली. भिंत पूर्ण झाली, ती अर्धी राहिली. ठेकेदार बिचारा भला, म्हणाली ती, फुटलेल्या विटांचे पैसे कापले नाहीत.

अक्का सहसा कुणाच्या विनोदाला हसत नसे. इथंही हसली नाही, पण खुर्ची जवळ ओढली. घरात आणखी कोण? आई. आई कुठं असते? पाळणाघरात दाई आहे. सकाळी सातला जाते, संध्याकाळी सातला येते. लांबचा वळसा पडतो ना. मग दिवसभर जवळ कोण? कुणी नाही. शेजारणी येतात का? मुलगी म्हणाली, आपल्याला दुसऱ्याचे हात चालत नाहीत, एकदा शेजारीण आली होती तर कणकेसारखं मळून गेली.

खोलीत औषधाचा वास नव्हता. घाणीचा नव्हता. सडक्या कातडीचा तर नव्हताच. अक्काची स्वतःची आई आठ महिने अंथरुणात होती. तिसऱ्या आठवड्यातच पाठीला भोक पडलं होतं, मूठ जाईल एवढं. तो वास तिच्या नाकातून अजून गेला नव्हता.

"तुझी पाठ बघू का गं?"

मुलीला आवडलं नाही, पण अडवणार कशानं? अक्कानं खांद्याखाली हात घातला आणि जरासं कलतं केलं. पाठ लोण्यासारखी. चट्टा नाही, लाली नाही. चार वर्षं निपचित पडलेल्या पोरीची पाठ.

अशी पाठ दर दोन तासांनी कूस वळवल्याशिवाय राहत नाही. दिवसातून दोनदा वळवून नाही, सकाळ-संध्याकाळ वळवून नाही. आठ, दहा, बारा, दोन, चार.

मुलगी आता अक्काच्या चेहऱ्याकडे पाहत होती. हुशार होती. आरशात बोळ दिसायचा, आणि आता तिला आणखी काहीतरी दिसलं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही कोण?"

बाहेर पत्रा सरकल्याचा आवाज झाला. चार वाजले होते.

५

दाई आत आली ती पदराला हात पुसतच. अंगानं बारीक, दंडानं कणखर. खुर्चीत बसलेली म्हातारी आणि तिच्या गुडघ्याला टेकलेलं चाक पाहून ती दारातच थांबली, पण क्षणभरच. मग सरळ पलंगाशी गेली. कोण आलंय, काय हवंय, नंतर, आधी काम. तिनं एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि पोरीला इतकं अलगद वळवलं की चादरीला घडी पडली नाही. गुडघ्यांमध्ये उशी, पाठीला उशी. ओठांतल्या ओठांत चाललं होतं, सवयीनं:

कूस बदल गं बाई, दिस लागला कलणी,
माझ्या हाताची गं उशी, तुझ्या पाठीची राखणी.

अक्कानं ते संपेपर्यंत वाट पाहिली.

"मंगळवारी दोन वाजता तुम्ही इथं येत होतात," ती म्हणाली. "पंपघराच्या बाजूनं. तो फळीवर उभा होता, तुमच्याकडे पाठ करून."

दाईनं नाही म्हटलं नाही. ती पोरीच्या पायथ्याशी टेकली. बोलली ते दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. त्यानं मागं वळून पाहिलं होतं, ओळख द्यावी तसा हसला होता. म्हणाला, बाई, आज तुमची वाट कागदावर येतेय. पुन्हा वळून टेप लावत बसला.

"कागदावर आलेल्या वाटा पाहिल्यात आम्ही," दाई म्हणाली. "तीन आल्या. आठ दिवसांत तिन्हींवर वीट चढली. ही एकच उरली होती. हिनं सांगितलेली, हिच्या ध्यानात होतं की पाइपासाठी तिथं गवंड्यानं सांधा पोकळ ठेवलाय. बाकी कुणाला ठाऊक नाही. मी एकटीच वापरते, तीन वर्षं झाली. बंद झाली तर एक तर काम सोडायचं, नाहीतर हिला सडू द्यायचं. काम सोडलं तर खायचं काय? मी विचार केला नाही. हात पुढं झाले."

"आणि मग?"

"मग दोन वाजले होते. हिला वळवायचं होतं."

फळीवरून ती अलीकडे आली, फळी ओढली, पत्रा लावला, पोरीला वळवलं. परत जाताना पुन्हा फळी टाकली. खाली तो कण्हत होता. चारला आली तेव्हा गप्प होता.

पलंगावरची मुलगी भिंतीकडे तोंड करून होती. आईनंच वळवली होती तशी.

अक्कानं खिशातून टेप काढला आणि दाईच्या पुढ्यात ठेवला, अजून अडुसष्टवरच.

"तुटलेल्या भिंतीवर आम्ही फुली मारतो. फुली मारायला टेप लागत नाही," ती म्हणाली. "रुंदी घेतात ती वहिवाटीची. तीन वर्षं एका माणसाची रोजची ये-जा असली तरी पुरे. नोंद झाली की सचिव काय, त्याचा बापही वीट लावू शकत नाही. तो तुमची वाट बुजवत नव्हता बाई. पक्की करत होता. घरी फोन करून सांगत होता की चांगली गोष्ट सापडलीय."

हे सांगायलाच हवं होतं असं नाही. अक्काला ते बोलताना कळत होतं. तरी तिनं सांगितलं, दाईच्या तोंडाकडे पाहत. आपल्या तीन फुल्यांविषयी मात्र ती बोलली नाही.

मग दाईनं विचारलं की आता गप्प राहता येईल का. अक्का म्हणाली, नाही. एक बाई घरी बसून ऐकतेय की नवरा हसण्याच्या नादात मेला. तिला तसं ऐकत मरू देणार नाही. आपण आता फौजदारांना फोन करणार, आज संध्याकाळी ते इथं येतील, फट बघतील, आणि सोबत सचिव असतील. त्यांच्या आधी वहिवाटीचा अर्ज कचेरीत गेला तर वाट राहते, नाहीतर उद्या गवंडी. अर्जाला लांबी हवी, ती चाकावर आहे. रुंदी हवी, ती टेपवर आहे. राहिली वापरणाराची जबानी: मी अमुक, या वाटेनं रोज या या वेळी जाते, मंगळवारीही गेले होते.

"म्हणजे माझीच," दाई म्हणाली.

"तुमचीच. सही केलीत तर तुम्ही जाता. नाही केलीत तर तुम्हीही जाता आणि वाटही जाते."

"मी गेल्यावर वाट कुणाला?"

"दोनशे घरं आहेत या बोळात. शाळा पलीकडे आहे, दवाखाना पलीकडे आहे."

"दोनशे घरांतलं एकही आलं नव्हतं हिला उचलायला, भिंतीखालून," दाई म्हणाली. रागानं नाही. कागदावर काय लिहायचं ते विचारत असल्यासारखं. मग तिनं पेन मागितलं. सही सावकाश केली, एकेक अक्षर जुळवत. उठली, पाण्याचा तांब्या भरला, चमच्यानं पोरीला पाणी पाजलं, ओठ पुसले. पोरीनं डोळे उघडले नाहीत. दाईनं अक्काचा हात धरला आणि हवेतच दाखवलं: हा हात असा, खांद्याच्या हाडाखाली, ओढायचं नाही, वाट बघायची, अंग आपणच येतं.

पत्रा तिनं सरकवला नाही. फौजदारांच्या गाडीकडे ती बोळातून, टाकीच्या बाजूनं, लांबच्या रस्त्यानं गेली.

६

सहाच्या सुमाराला बोळात गलका झाला. बातमी फुटली होती. कुणीतरी पत्रा उपटून फेकला, कुणी फळीच्या जोडीला दुसरी फळी आणली. बायका पदर खोचून भोकातून डोकावत होत्या, पोरं इकडून तिकडे उड्या मारत होती. सचिव पलीकडे उभे राहून ओरडत होते आणि अक्कानं धाडलेल्या अर्जाची पोच हातात घेऊन कचेरीचा शिपाई त्यांना वाचून दाखवत होता. कुणीतरी म्हणालं, गाडी जाईल एवढी करून घेऊ. सगळे हसले.

खिडकीच्या आरशात ते सगळं दिसत होतं. मुलीनं तिकडे बघितलं नाही.

अक्कानं घड्याळ पाहिलं आणि पलंगाशी आली. एक हात खांद्याच्या हाडाखाली घातला, शिकवला होता तसा. अंग जड होतं, आणि आपण होऊन येत नव्हतं.

"तुम्ही राहता कुठं, आजी?" मुलीनं विचारलं. भिंतीकडेच तोंड.

अक्कानं सांगितलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस, दीड तास.

"उद्या याल?"

"येईन."

"परवा?"

अक्काचे गुडघे दुखत होते. बाहेर कुणीतरी शिट्टी मारत भोकातून पार झालं.

"येईन बहुतेक," ती म्हणाली.

मुलीनं जरा वेळ विचार केला. आईसारखाच, न रागावता.

"मग हात काढा," ती म्हणाली. "आजपासूनच सवय होऊ दे."